पुढचा धडा पाण्याचा

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. छोटीची सर्दी गेली हे वाचून बरं वाटलं. तुझ्या बायकोला म्हणावं, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मागे बसून स्वेटर विणत जाऊ नकोस. तुझे विद्यार्थी ब्रेक मारतात तेव्हा सुया कुठे जातील सांगता येत नाही.

इकडची मोठी बातमी म्हणजे विद्यापीठाची पेटी आली. पोस्टमननं ती जिन्यात टेकवली, दम खाल्ला आणि विचारलं की बाई, यात काय दगड भरलेत का. मी हो म्हटलं. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. खरोखरच दगड आहेत रे. कागदात गुंडाळलेले, प्रत्येकावर क्रमांक चिकटवलेला. भूविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला ते ओळखायचे असतात. जेवायच्या टेबलावर आता ताटाला जागा नाही. हे छापखान्यातून मुद्रितं तपासून येतात आणि घरी आल्यावर एका हातानं दगड सरकवत जेवतात. कालच म्हणाले, डाळीत खडा लागला तर आता तक्रारही करायची सोय राहिली नाही, आधी त्याचा क्रमांक शोधावा लागेल.

चष्म्याच्या दुकानात मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. भिंगांच्या कडा घासून झाल्या की दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ट्रेखालून पुस्तक काढते. परवा एका मास्तरांनी ते पाहिलं आणि मुलीचं का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. मला मुलगी नाही हे दुकानात सगळ्यांना ठाऊक आहे. केस पांढरे झाल्यावर पोस्टानं पदवी घेणारी बाई म्हणून कुणी हसू नये, एवढ्यासाठी ही थाप. तुम्ही दोघं आणि आत्या सोडून हे कुणाजवळ बोलू नका.

माया आहे तेवढी ठेवा, वाढली तर कळवा.
तुझी ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कुणाजवळ बोलू नका म्हणालीस, पण पत्र आलं तेव्हा आत्या मोठ्यानं वाचत होती आणि खिडकी उघडी होती. आत्याचा आवाज तुला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, तेही तू पदवी घेतलीस असंच. पण कुणी हसलं नाही गं. शेजारचे घड्याळकाका तर म्हणाले, थोरली लहानपणीही चढावर बसून माती उकरत असायची. काकांची नजर आता अगदीच गेली आहे. तू करून दिलेला चष्मा घालतात, पण तो तुझ्या प्रेमाखातर. घरात मात्र काठीशिवाय भराभरा फिरतात, उंबरे आणि पायऱ्या सगळं पायाला पाठ आहे.

आता तुझ्या कामाचं सांगतो. आपल्या स्वयंपाकघराचं दार महिनाभर लागत नाही. मागच्या भिंतीला खालून वर तिरपी चीर गेली आहे. बालवाडीच्या बाईंकडेही तशीच आहे, मुलं तिच्यात खडू खुपसतात. गल्लीच्या टोकाचा विजेचा खांबसुद्धा उताराच्या बाजूला कलला आहे. आत्या म्हणते, थोरलीला विचार, एवढे दगड घेऊन बसली आहे तर काहीतरी कळत असेलच.

लोभ असू दे, निदान निकाल लागेपर्यंत.
तुझा धाकटा

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं भिंग खाली ठेवलं. उतारांच्या धड्यात अगदी हेच दिलं आहे! अख्खा उतार सावकाश खाली सरकत असेल तर दारं अडकतात, भिंतींना तिरप्या चिरा जातात, खांब कलतात. तो धडा खरं तर पुढचा होता, पण तुझ्या पत्रानंतर मी मधली पानं सोडून तोच वाचून काढला.

सोबत काचेच्या पातळ पट्ट्या पाठवते आहे. दुकानातल्याच आहेत, मालकांना विचारून घेतल्या. चिरेच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा ठिपका देऊन पट्टी आडवी चिकटव. भिंत हलत असेल तर काच तडकेल, नसेल तर काही होणार नाही. मागच्या झाडांची खोडं बुंध्याशी वाकली आहेत का तेही बघ. खांब कधीपासून कलला आहे ते नक्की विचारून कळव.

खोटं कशाला बोलू, काळजी वाटते आहेच, पण पुस्तकातलं आपल्या घरात निघालं याचा थोडा आनंदही होतो आहे. हे आत्याला वाचून दाखवू नकोस.

तुम्हा सगळ्यांवर जीव आहेच, तो पत्रात मावत नाही.
तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काच तडकली. आपल्याकडची आणि बाईंकडचीही. मी ती तडकलेली पट्टी पाहिली आणि पायाखालची जमीन सरकली असं म्हणायला गेलो, तर आमची ही म्हणाली की आता ते नुसतं बोलण्यापुरतं राहिलेलं नाही. झाडं वाकलेली वाटतात, पण ती सरळ कधी होती हे कुणाला आठवत नाही. खांबाचं काही नक्की सांगता येत नाही, कलला आहे एवढं खरं.

गल्लीत दुसरा विषय नाही. सगळे मला विचारतात, तुझी बहीण काय म्हणते. तू ये. दोन दिवस रजा काढ. माझ्या गाडीच्या शेडमध्ये सगळ्यांना बोलावतो, तूच समजावून सांग. पावसाळा फार लांब नाही.

वाट बघतो आहोत. आत्यानं तुझी गादी उन्हात घातली आहे.
तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आ. वि. वि.

सुखरूप पोचले. स्टँडवर आलात, बरोबर डबा दिलात, सगळं आठवत आले.

एक गोष्ट मनाला टोचते आहे म्हणून लिहिते. शेडमध्ये माझी ओळख करून देताना तू म्हणालास, आमची ताई भूशास्त्रज्ञ आहे. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं. पण लोक खुर्च्या पुढे ओढत होते, बाईंनी वही काढली होती, घड्याळकाका आवाजाच्या दिशेनं मान वळवून बसले होते. मी तोंड मिटलं. मग काकांनी विचारलं की पावसाळा निघेल का. मला माहीत नाही एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, माझं घर असतं तर मी या पावसाळ्यात इथे राहिले नसते. त्यानंतर कुणी काही विचारलंच नाही.

पण चिरा खऱ्या आहेत आणि काचही खरी तडकली आहे. चूक झालीच तर सावधपणाच्या बाजूनं झालेली बरी. तुम्ही लवकर दुसरी खोली बघा. आत्याला आधी हलवा.

सांभाळून राहा. मन तुमच्याकडेच आहे.
तुझी ताई

७ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलो की हात थांबायचा.

तुझ्या बोलण्यावर गल्ली रिकामी झाली हे तुला माहीत आहे. आम्ही शेडमागच्या खोलीत आलो, आत्या मावसबहिणीकडे गेली. बाईंची बालवाडी बंद पडली; आईबापांनी मुलं काढून दुसरीकडे घातली, ती आता परत येणार नाहीत. घड्याळकाका-काकू मुलाच्या घरी गेले, तिसऱ्या मजल्यावर.

गेल्या आठवड्यात पाणीखात्याची माणसं आली. घरांच्या मागे खणलं. जमिनीतला मोठा नळ फुटलेला निघाला, कधीचा कोण जाणे. त्याचं पाणी पायाखालची माती धुऊन नेत होतं, म्हणून भिंती खचत होत्या. उतार जागच्या जागी आहे. थोडं खणलं की अखंड खडक लागतो, तो त्यांनी मला पहार आपटून दाखवला. नळ दुरुस्त झाला, पाया भरून घेतला की राहायला हरकत नाही म्हणाले. त्यांच्या साहेबांनी विचारलं की उतार सरकतो आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

काका नव्या घरात न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आहे. काकू माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणखी काय लिहू.
धाकटा

१३ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद. पण द्यायला तोंड नाही.

तुझं पत्र दुकानात वाचलं. समोर एक बाई नवा चष्मा घालून आरशात बघत होत्या, कसा दिसतो विचारत होत्या. मी काय उत्तर दिलं आठवत नाही.

घरी येऊन पुस्तक काढलं. उतारांचा धडा गाठायला मी जी पानं उलटून टाकली होती, तिथे जमिनीखालच्या पाण्याचा धडा आहे. गळणारा नळ, धुऊन जाणारी माती, खचणारा पाया, सगळं त्यात आहे, चित्रासकट. मी तो वाचलेलाच नव्हता. नापास झाले असते तर एवढं वाटलं नसतं. मी त्या शेडमध्ये बोलले तेव्हा मला निम्मंच माहीत होतं, आणि ते निम्मं आहे हेही मी कुणाला कळू दिलं नाही.

काकांच्या डोळ्यांचा नंबर मला तोंडपाठ आहे. त्यांच्या नाकाचं माप, कानांमागचा वाक, सगळं या हातांनी बसवलं आहे. त्या माणसाला मी त्याच्या ओळखीच्या घरातून उठवलं. दुकानात कुणी नाव घेऊन हाक मारली तरी मला दचकायला होतं. यांना सांगितलं तर म्हणाले, छापलेल्या पुस्तकातही शुद्धिपत्र असतं. मी त्यांच्यावर उगाच ओरडले.

दगडांची पेटी खिळे ठोकून बंद केली आहे. विद्यापीठाला नाव काढून टाका म्हणून लिहिते आहे. काकांना पत्र लिहायला घेतलं, जमलं नाही. त्यांना वाचून दाखवायला काकूच लागणार, आणि ती वाक्यं काकूंच्या तोंडून कशी बाहेर पडतील? तू माझ्या वतीनं जाऊन माफी माग. बाईंचीही माग. माझी यायची हिंमत नाही.

लोभ मागायचा हक्क उरलेला नाही, तरी मागते.
ताई

२१ जून

चि. थोरलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा हे नीट वाच. धाकट्यानं तुझं पत्र मला दाखवलं. त्याला मी सांगितलं आहे की त्यानं काकांकडे जायचं नाही. तो गेला तर मी त्याच्या गाडीचं चाक काढून ठेवीन.

माफी दुसऱ्याकरवी पाठवायला ती काय साखरेची वाटी आहे? लाज वाटते म्हणून तू येत नाहीस. म्हणजे तुझी लाज तू घरी बसून जपणार, आणि त्यांचं हाड त्यांनी जपायचं. हे मला पटत नाही. शिक्षण सोडायचं तर सोड, ठेवायचं तर ठेव, पण ते सोडून काकांचं हाड जुळणार आहे असं मनात आणू नकोस. त्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

मी मात्र तुझ्यावर रागावलेली नाही असं समजू नकोस. मी या वयात मावसबहिणीच्या सोफ्यावर झोपले, त्याची एकूणएक स्प्रिंग माझ्या पाठीला ओळखते. आणि भाची शास्त्रज्ञ आहे म्हणून मीही गावभर मिरवलं, तेव्हा माझंही तोंड काळं झालंच आहे. मी ते घेऊन रोज भाजी आणायला जाते. तूही ये.

गादी उन्हात घालत नाही. आलीस की घालीन.
तुझी आत्या

५ जुलै

चि. धाकट्यास अ. उ. आ. वि. वि.

मी काल काकांकडे जाऊन आले. थेट त्यांच्या मुलाच्या घरीच गेले, तुमच्याकडे यायचं धैर्य झालं नाही. आत्याला सांग, निदान अर्धं ऐकलं.

काका खिडकीशी पलंगावर होते. काकू माझ्याकडे पाठ करून एकच पातेलं पुसत राहिल्या. मी दारातच बोलायला सुरुवात केली. काकांनी आवाज ओळखला आणि म्हणाले, बरी आलीस, चष्मा नाकाला रुततो आहे. दिसत काही नाही, पण घातला नाही तर त्यांना चेहरा उघडा वाटतो म्हणे. पर्समध्ये पकड असतेच. मी त्यांच्यासमोर बसून चष्मा नीट केला, आणि हात कामात होते तोवर सगळं बोलून टाकलं. मी भूशास्त्रज्ञ नाही. पोस्टानं शिकते. पदवीच्या निम्म्या वाटेवर आहे. पाण्याचा धडा वाचला नव्हता. ओळख चुकीची करून दिली गेली तेव्हा गप्प बसले.

काकांनी चष्मा घालून नाकावर चाचपून पाहिला. मग त्यांनी विचारलं की त्या दिवशी तुला स्वतःला भीती वाटत होती, की सांगायला आवडत होतं.

धाकट्या, असा प्रश्न मला कुठल्याही परीक्षेत आला नाही. मी खरं सांगितलं. दोन्ही होतं, पण आवडत जास्त होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर मी लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत आले, भिंग बसलं का, दांडी वाकडी आहे का. त्या दिवशी पहिल्यांदा लोक माझ्याकडे बघत होते.

तेव्हा काकू वळल्या. म्हणाल्या, त्या घरात हे राजासारखे हिंडायचे, इथे मला यांना हाताला धरून न्हाणीपर्यंत न्यावं लागतं, आणि ते यांना माझ्यासमोर मरणप्राय होतं. तू यांचं चालणं घेतलंस. मी संध्याकाळपर्यंत बसले. निघताना काकूंनी पाणी विचारलं नाही. मला ते बरोबरच वाटलं.

राग असेल तेवढा ठेव, पण पत्र टाक.
तुझी ताई

१८ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आधी माझं ऐक, कारण तू काकांजवळ एवढं कबूल केलंस आणि मी तुला एवढंसुद्धा सांगितलेलं नाही. तो खांब उतारामुळे कललेला नाही. डिसेंबरात माझ्या एका विद्यार्थ्यानं गाडी मागे घेताना त्याला ठोकलं. मी शेजारी बसलो होतो, माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक होता, आणि मी त्या वेळी मागच्या सीटवरच्या छोटीशी बोलत होतो. गल्लीला कळलं तर स्कूल बंद पडेल म्हणून गप्प राहिलो. तू कधीपासून कलला आहे ते नक्की विचारून कळव म्हणालीस, तेव्हाही चोरासारखं टोलवलं. मग तू शेडमध्ये त्याच खांबाकडे बोट दाखवलंस आणि मी सगळ्यांबरोबर मान डोलावली. जूनमध्ये तुला ते पत्र लिहिलं तेव्हाही मला हे माहीत होतं. आता मी गल्लीत सांगून टाकलं आहे. दोन विद्यार्थी सोडून गेले. आत्या म्हणाली, चला, घरात दोन शास्त्रज्ञ झाले.

आता चांगली बातमी. पाया भरून झाला, लोक परतले, आणि परवा घड्याळकाका घरी आले. गाडीतून मीच आणलं, अगदी सावकाश. फाटकाशी उतरले, एका हातात काठी, दुसऱ्या हाताला काकू. दोन पावलं झाली आणि त्यांनी काकूंचा हात सोडला. आम्ही सगळे बाजूला झालो. पायरी, उंबरा, वळण, आणि खुर्ची. लंगडत गेले, पण एकटे गेले. खुर्चीत बसल्यावर काकू पदरात तोंड घालून रडल्या.

मग काकांनी मला जवळ बोलावून विचारलं, थोरलीनं शिक्षण सोडलं का. मी म्हटलं, सोडते म्हणत होती. तर म्हणाले, तिला सांग, पुरं कर. अर्धवट शिकलेली बाई आपल्या गल्लीला परवडत नाही.

हसू नकोस, ते हसून म्हणाले नाहीत.

लोभ होता तसा आहे. मधे फक्त मला तो दाखवायची लाज वाटत होती.
तुझा धाकटा

९ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

खांबाचं वाचून आधी संतापले, मग यांना वाचून दाखवलं आणि दोघं हसलो, मग पुन्हा संतापले. पण त्यानं माझं ओझं हलकं होत नाही. खांब सरळ असता तरी त्या दिवशी मी तेच बोलले असते. तू तुझा वाटा घे, माझा माझ्याकडे राहू दे.

काकांचा निरोप मिळाला. विद्यापीठाला लिहिलेलं पत्र मी टाकलंच नव्हतं. टाकलं नाही याचीही लाज वाटत होती, निरोपानं ती तेवढी कमी झाली. पाण्याचा धडा पूर्ण केला. त्यावरचा निबंध म्हणून आपल्या गल्लीची सगळी हकिगत लिहून पाठवली, काही न लपवता. आमचे निबंध तपासणाऱ्या सरांना मी कधी पाहिलेलं नाही, लाल शाईतलं अक्षर तेवढं ओळखीचं. निबंध परत आला. शेवटी लिहिलं आहे की तुमच्या लाजेवर पानंच्या पानं आहेत आणि पाण्यावर जेमतेम अर्धं. उलट हवं होतं, पुन्हा लिहा. वाचून कान तापले. पण खरं आहे. आता पाण्यावर लिहिते आहे.

दुकानातही सांगितलं. मालक म्हणाले, मला वर्षभर ठाऊक आहे, ट्रे पुस्तकावर नीट बसत नाही. परवा एका गिऱ्हाइकानं त्याच्या भिंतीच्या चिरेबद्दल विचारलं. मी म्हटलं, मी अजून शिकते आहे, जाणकाराला बोलावून दाखवा. तो निराश होऊन गेला.

राहिल्या बालवाडीच्या बाई. त्यांच्या ओसरीवर मुलं परत आली नाहीत, आणि ते माझ्यामुळे. पुढच्या रविवारी मी येते. तू आधी जाऊन माझ्या बाजूनं काही बोलू नकोस, आत्यालाही बोलू देऊ नकोस. त्यांना जे म्हणायचं आहे ते पुरतं म्हणू देत. दार उघडलं नाही तरी मी बाहेर उभी राहीन.

सगळ्यांना जवळ घेते. छोटीला माझ्यासाठी जागं ठेवा.
तुझी ताई